ईशानचं जावळ

“हा मळ नाहीये गं,” अक्का म्हणाल्या. “कातडीच काळी पडलीय ही.”

त्यांनी लिंबाची फोड खाली ठेवली आणि माझी मूठ वळवून खिडकीच्या उजेडात धरली. मूठ वळली की वर येतात ती बोटांची हाडं, कुणी काजळ फासावं तशी दिसत होती. इतका वेळ त्या त्यावर लिंबू आणि साखर घासत होत्या. आजूबाजूचा हात लाल झाला. काळं होतं ते काळंच राहिलं.

“उद्या फोटोत हात पदराखाली ठेव. केसांचं मी बघते.”

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, महानंदा. त्यांना गावातच दिलेलं होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, भिंतीवर नवरीच्या मेकअपचे फोटो. दुसऱ्या दिवशी माझ्या ईशानचं जावळ होतं, पहिल्यांदा केस काढायचे होते. माहेरची माणसं यायची होती, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला मुद्दाम इकडे पाठवलं होतं. ‘जरा माणसांत आणा हिला’, असा निरोप होता.

मी सव्वीस वर्षांची होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आणि भांगात केस पांढरे झाले होते, आणि पांढरे नव्हते ते तांबूस, वाळल्या गवतासारखे. डोळ्यांखाली कातडी सैल पडली होती. मागे एकदा बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने उठून मला जागा दिली होती, ‘बसा मावशी’ म्हणून.

थ्रेडिंगला आलेली एक शेजारीण बाकावर बसली होती. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “माझ्या सासूचेसुद्धा एवढे पिकले नाहीत हो.”

“तुझी सासू दर महिन्याला याच खुर्चीत बसते,” अक्का वाटीत रंग कालवत म्हणाल्या. “तुला सांगितलं नाही का तिने?”

शेजारीण तोंडावर पदर धरून हसली. मग तिनेच कारण काढलं. म्हणे, शाम्पू बदला. अक्कांच्या मते बोअरचं पाणी होतं. गावात नळयोजना बंद पडली तेव्हापासून बायकांच्या केसांचं वाटोळं झालं होतं. माझ्या नवऱ्याच्या, संगमेश्वरच्या मते मी टेन्शन घेत होते. सासूबाई म्हणायच्या, हिच्या बापाच्या घराण्यातच लवकर पिकतं. मी स्वतः मोबाईलवर वाचून थायरॉईड तपासून घेतलं होतं, ते बरोबर निघालं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मी नेमाने घेत होते. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं. पान पिवळं पडलं तर पान पुसून काही होत नाही, एवढं मला कळत होतं. पण मूळ कुठे शोधायचं ते कळत नव्हतं.

“पायाला मुंग्या येतात अक्का,” मी म्हणाले. “आणि जिभेला तिखट सोसवत नाही.”

“बाळंतपण अंगावर काढलंस तू. मान खाली कर.”

रंग लागल्यावर चहा आला. अक्कांनी दोन कप दुधाचे ठेवले आणि एक कोरा माझ्यापुढे सरकवला.

“तुम्ही दूध नाही घेत?” शेजारणीने विचारलं.

“तिचा नवस आहे,” अक्का माझ्याऐवजी म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं. “ताकाचा थेंब घेत नाही. आमच्यात कुणाला जमणार नाही बाई, मला तर मुळीच नाही.”

ईशान माझ्या पायांशी सतरंजीवर पडून होता. अकरावा महिना होता त्याचा. पंख्याकडे बघत होता म्हणावं, तर डोळे पंख्याबरोबर फिरत नव्हते. शेजारणीने त्याच्यासमोर चुटकी वाजवली, ‘ए सोन्या’ केलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“किती गरीब लेकरू आहे,” ती म्हणाली. “आमचं कार्टं एवढ्यात तुमचा आरसा फोडून मोकळं झालं असतं.”

हे मी रोज ऐकत होते. ईशान रडत नाही, ईशान हट्ट करत नाही, ठेवावा तिथे राहतो. सासूबाई गल्लीत सांगत, “आमचा संगू असाच होता, शहाणा.” मी मात्र त्याच्याकडे सारखी बघत बसायची. पाचव्या महिन्यात तो खळखळून हसायचा. पालथा पडायचा, माझं मंगळसूत्र ओढायचा, मी पदराआड लपले की हात मारून पदर बाजूला करायचा. माझ्या मोबाईलमध्ये त्याचा तसा एक व्हिडिओ होता. मग ते सगळं थांबलं. एका दिवसात थांबलं असतं तर घरात ओरड झाली असती. ते दिवा मिणमिणत जावा तसं गेलं, आणि घरातले सगळे म्हणाले, लेकरू शांत झालं.

मी बोलले की एकच उत्तर येई. “पहिलटकरीण आहेस म्हणून तुला असं वाटतं.”

*

जावळाला अंगणात पाट मांडला. मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे असतात, म्हणून माझा भाऊ वीरभद्र पुण्याहून गाडी घेऊन आला होता. त्याला स्वतःला दोन वर्षांची मुलगी आहे, परी. पाटावर मांडी घालता घालताच तो न्हाव्याला म्हणाला, “धोंडिरामकाका, सांभाळून हं. आमच्या परीने न्हाव्याच्या हाताला चावा घेतला होता.”

“माझे हात दगडाचे झालेत साहेब,” धोंडिराम म्हणाला. “चावणारी लेकरं दात पाडून घेतात.”

सगळे हसले. मी ईशानला वीरूच्या मांडीवर दिलं. धोंडिरामने त्याचं डोकं ओलं केलं आणि हात थांबवला. ओले झाल्यावर कळलं की डोक्यावर काही नव्हतंच. मागे थोडी तांबूस लव होती, पुढे नुसती कातडी.

“मक्याच्या कणसाची शेंडी बरी,” कुणीतरी मागून म्हणालं.

“उगवतील,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “जावळ काढलं की दाट येतात. त्यासाठीच तर काढायचं. चला, करा सुरू.”

अक्कांनी मोबाईल धरला. धोंडिरामने पहिली चिमूटभर लव मामाच्या हातातल्या ताम्हणात टाकली. हलगीवाला बोलावला होता, त्याने अगदी कानाशी ठोका दिला. एरवी अशा वेळी लेकरू किंचाळतं, आई पळत येते, बायका म्हणतात, रडू दे गं, फुफ्फुसं मोकळी होतात. ईशान वीरूच्या मांडीवर तसाच बसला. मान थोडी कललेली. वीरूने हाताने ती सरळ धरली.

कानाच्या मागे वस्तरा लागला.

धोंडिराम ‘अरेरे’ म्हणाला आणि त्याने पटकन तुरटी दाबली. रक्ताची बारीक धार ईशानच्या मानेवरून नव्या अंगड्याच्या गळ्यात उतरली. तुरटी झोंबते. मोठ्या माणसाला झोंबते. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. मला त्याचं रडणं ऐकायचं होतं.

आवाज आला नाही.

“बघा!” सासूबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. “हूं का चूं नाही. याला म्हणतात गुणाचं लेकरू.”

बायका ‘हो ना’ म्हणाल्या. धोंडिरामही सुटल्यासारखा हसला. फक्त वीरू हसला नाही. त्याने ईशानची हनुवटी वर उचलली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई,” तो हळू म्हणाला, “हा रडत का नाहीये?”

एवढ्या महिन्यांत मला हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी ईशानला त्याच्या मांडीवरून उचललं. केस अर्धे राहिले होते.

“अगं, पूर्ण तर होऊ दे! अर्धवट उठवू नये,” सासूबाई ओरडल्या.

“मला याला लातूरला न्यायचंय. आत्ता.”

“काय झालं? एवढंसं खरचटलंय.”

“तेच म्हणतेय मी आत्याबाई. खरचटलंय. आणि तो रडला नाही.”

संगमेश्वर पंगतीच्या पत्रावळी मोजत होता, तो धावत आला. “लीला, सगळे पाहुणे बसलेत. उद्या जाऊ. सकाळी पहिल्या गाडीने जाऊ.”

“जावळाच्या दिवशी लेकराला वेशीबाहेर नेत नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “नजर लागते. तुझ्या भल्याचंच सांगते बाई.”

“लागलीय ती,” मी म्हणाले. मला नक्की काय म्हणायचं होतं, मला माहीत नाही. मी कधी त्यांना उलट बोलले नव्हते. मी आत जाऊन लंगोटांची पिशवी घेतली. बाहेर आले तेव्हा वीरूने गाडी सुरू केली होती. संगमेश्वर सासूबाईंकडे, मग गाडीकडे बघत उभा होता. शेवटी तो पुढच्या सीटवर येऊन बसला, पत्रावळींचा गठ्ठा हातात तसाच.

*

डॉक्टर देवणीकर मुलांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज बारीक. त्यांनी ईशानला टेबलावर झोपवलं, अर्धं तासलेलं डोकं पाहून काही विचारलं नाही. त्याचे पाय उचलून सोडले. ते पडले. दोन्ही हात धरून त्याला बसतं केलं, मान मागे गेली. डोळ्यांपुढून बॅटरी फिरवली. मग त्याच्या पायाच्या तळव्यावर जोराने टिचकी मारली. ईशानचा ओठ थोडा वाकडा झाला. तेवढंच.

“बसत होता का कधी?”

“बसत नव्हता. पण पालथा पडायचा, हसायचा.” मी मोबाईल काढून तो व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. त्यात माझा पदर होता, ईशानचा हात होता आणि त्याचं हसू. खोलीभर त्याचं हसू वाजलं. टेबलावरच्या ईशानने तिकडे पाहिलं नाही.

डॉक्टर बाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, “वरचं काय खातो?”

“काही घेत नाही. भात-वरण थुंकून टाकतो. अंगावरच पितो.”

“दूध भरपूर आहे तिला,” संगमेश्वर म्हणाला. “आई म्हणते, वरच्या दुधाची गरजच नाही.”

डॉक्टर बाईंनी ईशानच्या हाताची मूठ उघडली, मिटली, बोटांच्या सांध्यांवरून आपला अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळल्या.

“जीभ दाखवा.”

मी ईशानचं तोंड उघडायला गेले.

“त्याची नको. तुमची.”

मी जीभ बाहेर काढली. त्यांनी बॅटरी मारली.

“आता मूठ वळा. इथे ठेवा. त्याच्या हाताशेजारी.”

मी माझी मूठ टेबलावर, ईशानच्या मुठीला लागून ठेवली. सकाळपासून ती मी पदराखाली ठेवत होते. आता ती पांढऱ्या चादरीवर, दिव्याखाली होती. आणि शेजारी त्याची. तेच सांधे, तोच काळा. त्याच्या हातांना मी रोज तेल लावत होते, रोज पाहत होते. सासूबाई म्हणायच्या, आईसारखा रंग आला. दोन हात असे शेजारी ठेवायचे, हे मला कधी सुचलं नाही.

“केसांना रंग कधीपासून लावता?”

“काल पहिल्यांदा लावला.”

“खाता काय तुम्ही?”

उत्तर संगमेश्वरने दिलं. “शुद्ध शाकाहारी आहोत मॅडम. अंडंसुद्धा घरात येत नाही.”

“चांगलं आहे. आणि दूध? दही?”

तो हसला. मला आजही ते हसू आठवतं, कारण त्यात अभिमान होता, आणि तो माझ्यासाठी होता. “तिचा नवस आहे मॅडम. दूध, दही, ताक, तूप, काही नाही. लई कडक आहे ती. दोन वर्षं होऊन गेली.”

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या बोलल्या ते त्या बारीक आवाजातच बोलल्या. बी-ट्वेल्व नावाचं एक जीवनसत्त्व असतं. डाळीत ते नसतं, भाजीत नसतं, भाकरीत नसतं. मांस-मच्छी, अंडी न खाणाऱ्याला ते दुधातून मिळतं, तेवढाच मार्ग. ते संपलं की रक्त कमी होतं, जीभ सोलवटते, पायाला मुंग्या येतात, सांधे काळे पडतात, केस पिकतात. तरण्या माणसावर म्हातारपण येतं.

“हे तुमचं झालं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या अंगात थोडाफार साठा होता. तो संपेपर्यंत तुम्ही चालवलंत. त्याच्याकडे साठा नव्हता, आणि लेकराचा मेंदू तर त्याच्यावरच वाढतो. पोटात होता तेव्हापासून त्याला जे मिळायचं ते तुमच्याकडून. आणि तुमच्याकडेच नव्हतं.”

“पण दूध तर मला भरपूर येतं,” मी म्हणाले.

“येतं. त्यात ते नसतं.”

वीरू दाराशी उभा होता, तो भिंतीला टेकला. संगमेश्वरने पत्रावळींचा गठ्ठा इतका वेळ मांडीवर धरला होता, तो आता हळूच खुर्चीखाली ठेवला.

“नवस कशासाठी होता?” डॉक्टर बाईंनी विचारलं. रागाने नाही. आपण एखाद्याला त्याचं गाव विचारतो तसं.

मी सांगितलं. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्यांदा राहायच्या आधी मी एकटी वीरनाथाच्या डोंगरावर गेले होते. कुणी सुचवलं नव्हतं. आवडतं ते सोडायचं असतं, आणि मला दूध आवडायचं, साय तर मी चोरून खायची. देवळाच्या पायरीवर हात ठेवून मी म्हणाले होते, माझं लेकरू आपल्या पायांनी हा डोंगर चढेल, तेव्हाच मी दूध तोंडाला लावेन.

“तो चालावा म्हणून,” मी म्हणाले.

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग नर्सला हाक मारून इंजेक्शन भरायला सांगितलं. एक छोटं, एक मोठं.

सुई गेली तेव्हाही ईशान रडला नाही.

*

घरी परतलो तेव्हा पाहुणे गेले होते. अंगणात पाट तसाच होता. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. संगमेश्वरने त्यांना सांगायला सुरुवात केली, पण त्याला ते नीट जमेना. बी-ट्वेल्व म्हणताना तो अडखळला, नवस म्हणताना माझ्याकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं. उभ्याने सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, म्हणतील, डॉक्टरला काय कळतंय देवाचं. त्या उठल्या, आत गेल्या. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात पितळी पेला होता, वर साय धरलेली.

“पी,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, डोंगर...”

“ते मी बघते. तुझं मी माझ्या अंगावर घेतलं. आजपासून दूध मी सोडलं. लेकरू चालेस्तोवर मी सोडलं. आता तुला बंधन नाही. पी माय.”

“तुम्हीही सोडू नका हो,” मी म्हणाले. “तुम्हालाही तेच होईल. तुम्हीही आमच्यासारख्याच खाता.”

“मला होऊन होऊन काय होणार आहे? केस पांढरे होतील?” त्यांनी डोक्यावरचा पदर मागे ओढला. सगळेच पांढरे होते. “बघ. झालेत.”

त्या थोडं हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. पेला कलंडला, दूध हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. मी पेला घेतला. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांनी अमृत लागेल. वास आला आणि मी तोंड फिरवलं. घोट घोट करून मी ते सगळं प्यायले. सासूबाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या, एकेक घोट उतरतोय का ते.

त्या अजून दूध घेत नाहीत. कितीही सांगितलं तरी नाही. मी त्यांच्या हातावर गोळी ठेवते, ती मात्र त्या मुकाट घेतात, कारण ती दुधाची नाही म्हणतात.

*

इंजेक्शनसाठी रोज लातूरला जाणं सुरू झालं. पहिल्या दिवसांत काही दिसलं नाही. मग एकदा घोट घेता घेता ईशान थांबला आणि त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाहत राहिला. त्याच आठवड्यात नर्सने सुई टोचली आणि ईशानने तोंड उघडलं. आधी नुसतंच उघडलं. चेहरा लाल झाला. मग आवाज फुटला.

तो रडला! असा रडला की बाहेरच्या बाकावरचं दुसरं पोरही रडायला लागलं. संगमेश्वर नर्सला म्हणाला, “ताई, अजून एक टोचा,” आणि मग त्यालाच हुंदका आला. मी ईशानला छातीशी धरून हसत होते, त्याच्या लाळेने माझा खांदा भिजला होता, मी म्हणत होते, रड राजा, रड, मला शिव्या दे. नर्सने बाहेर जाऊन पेढे आणले. मी पेढा खाल्ला. दुधाचा होता.

डॉक्टर बाई आत आल्या. त्यांनीही पेढा घेतला, ईशानच्या गालाला हात लावला. मग खिशातून मोजपट्टी काढून त्याच्या डोक्याभोवती धरली. आकडा पाहिला. पट्टी सोडली आणि पुन्हा धरली.

“केस येतील आता,” त्या म्हणाल्या. “त्याचेही, तुमचेही. हाताचा काळेपणा जाईल. जीभ, पाय, सगळं सुधारेल. हे सगळं परत येतं.”

मी वाट पाहिली. ईशान अजून रडत होता.

“आणि बाकीचं?”

त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. फार वेळ घेऊन गुंडाळली.

“बाकीचं बघू,” त्या म्हणाल्या.

त्यांचं खरं निघालं. सगळं परत आलं. आधी जिभेला चव आली, मग पायातल्या मुंग्या गेल्या. बोटांचा रंग उतरत उतरत एके दिवशी गेला. भांगात मुळाशी काळे केस दिसायला लागले, वरून अक्कांचा रंग उडत गेला आणि खालून माझा स्वतःचा वर आला. महिन्याला एकेक वस्तू मला परत मिळत होती, हरवलेलं सामान पोलीस आणून देतात तशी. मी प्रत्येक वेळी ईशानकडे बघायची. त्याची बसायची वेळ गेली. रांगायची गेली. उभं राहायची गेली. माझे केस दाट होत गेले, आणि एकदा आंघोळीनंतर ते आरशात बघताना मला इतका राग आला की मी मूठभर केस धरून ओढले. निघाले नाहीत. मुळं घट्ट झाली होती.

तो चार वर्षांचा असताना उभा राहिला. आता अकरा वर्षांचा आहे. चालतो, धरलं तर. बोलत नाही.

लातूरला त्याच्यासारख्या मुलांचं एक केंद्र आहे. आठवड्यातून दोनदा जातो आम्ही. मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर एक बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या, नातीला घेऊन आलेल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

“राग येणार नसेल तर विचारू का?” त्या म्हणाल्या. “केस काय सुंदर आहेत हो तुमचे. एकही पांढरा नाही. काय लावता?”

“काही नाही,” मी म्हणाले. “दूध पिते.”

त्या हसल्या. “नसेल सांगायचं तर नका सांगू.”

दार उघडलं आणि आतल्या मुलीने नाव पुकारलं, “ईशान!” त्याने तिकडे मान वळवली नाही. तिने पुन्हा पुकारलं, मोठ्याने. मग मी उठले, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं. आता तो माझ्या खांद्याला लागतो.